दोन दारांमधला गुलाबी

आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं दोन दारं आहेत आणि भिंत एक. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा दारही एकच होतं. ते गेल्यावर दोघा भावांनी चूल वेगळी केली, आतून मधोमध विटांची भिंत घातली आणि आमच्या बाजूची खिडकी काढून तिथं दुसरं दार बसवलं. आतली वाटणी चार माणसांसमोर झाली. बाहेरचा ओटा आणि रस्त्याकडची लांब भिंत मात्र तशीच राहिली. तिचीही वाटणी करावी लागेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आतली भिंत आमच्या बाजूला थोडी सरकलेली आहे असं मला पहिल्या दिवसापासून वाटतं. मोजायला गेलं तर बरोबर भरते. मी दोनदा मोजली आहे, घरात कुणी नसताना. तरी वाटायचं ते वाटतंच.

मी माहेरची भोरची, बाजारपेठेत वाढलेली. घरीच ब्लाऊज शिवते. उत्रोली ओलांडून पुढं आलं की रस्त्यालाच आमचं गाव लागतं, त्यामुळं आसपासच्या बायका येता-जाता कापड टाकून जातात. माझे मिस्टर कापूरहोळला एका गॅरेजात आहेत. थोरले दीर घरची भातशेती बघतात. आणि माझी थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणते, ती वेल्ह्याकडची, डोंगरातल्या गावची. कमी बोलणारी बाई. चूल वेगळी झाल्यापासून तर आमचं बोलणं पाणी आलं, लाईट गेली, तुमची म्हैस सुटली, एवढ्यावरच आलं होतं.

गेल्या वर्षी भाताची झोडणी उरकली आणि एका दुपारी अक्का माझ्या दारात उभी राहिली. हातात रंगाचं शेडकार्ड. मी मशीनवर होते, पाय थांबवला.

"भाईरची भिंत रंगवायची म्हणतीय," ती म्हणाली. "तुला रंगातलं कळतं. तू सांग कुठला."

मला तेच पहिलं खटकलं. घरात फ्रीज आला तेव्हा अक्कानं मला विचारलं नव्हतं. लेकीला भोरच्या कॉलेजात घातलं तेव्हाही नाही. मग भिंतीच्या रंगासाठी माझ्या उंबऱ्यापर्यंत यायचं काय कारण?

कार्डाच्या एका पानाचा कोपरा आधीच दुमडलेला होता. ते पान सगळं गुलाबी, आणि सगळे गुलाबी फिके. दुसऱ्या कुणाला ते एकाच रंगाचे चौकोन वाटले असते. माझं मात्र अर्धं आयुष्य साडीला मॅचिंग अस्तर आणि रीळ शोधण्यात गेलेलं आहे. एक होता कांद्याच्या आतल्या सालीसारखा, किंचित जांभळ्याकडं झुकणारा. एक पिकल्या पेरूच्या आतला, त्यात पिवळ्याची झाक. आणि एक इतका फिका, की पांढऱ्या कपड्यांत चुकून लाल फडकं धुतलं गेलं तर जो येतो तसा.

"गुलाबीच का?" मी विचारलं.

"उठून दिसतो."

"मग लावा की तुमच्या बाजूला."

"दोघींनी एकच लावू," अक्का म्हणाली. "भिंत एक हाय, दोन रंग कशाला. लोक हसतील."

चूल वेगळी करताना लोक हसतील असं कुणी म्हणालं नव्हतं. मी "बघते" म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू केलं. तिनं कार्ड माझ्या कापडांवर ठेवलं आणि ती गेली.

संध्याकाळी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "लावू दे की. रंगच आहे." मग हात धुताना, ग्रीसचा साबण चोळता चोळता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पण एकच कशाला म्हणते ती?"

म्हणजे शंका मला एकटीलाच आली नव्हती.

दोन दिवसांनी ब्लाऊज न्यायला आलेल्या एका बाईला मी सहज म्हणून हे सांगितलं. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. तिच्या माहेरी चुलतभावानं म्हणे असाच सगळा ओटा आपल्या हातानं रंगवून घेतला, आणि पाच-सहा वर्षांनी म्हणायला लागला की रंगवत आलोय मी, तर ओटा माझा. "रंगाचं निमित असतं बाई," ती म्हणाली. "तू तुझा येगळा लाव. कसा का असंना."

मला ते पटलं. पण वेगळा म्हणजे किती वेगळा? हिरवा किंवा निळा लावला असता तर एसटीतनं जाणाऱ्या प्रत्येकानं बघितलं असतं की या घरात भावाभावांचं फाटलंय. आणि खरं सांगायचं तर गुलाबी मलाही आवडत होता. मग मी ठरवलं, गुलाबीच लावायचा, पण अक्काच्या गुलाबीच्या शेजारचा. लांबून बघणाऱ्याला एक वाटेल, आणि उद्या प्रश्न निघाला तर बोट ठेवून दाखवता येईल, इथपर्यंत तुमचं, इथनं आमचं.

भोरला रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा, माहेरच्या आळीजवळचा.

"तुमच्या जाऊबाई कालच येऊन गेल्या," त्यानं सांगितलं. "माप घेऊन आल्या होत्या भिंतीचं."

"अर्ध्या भिंतीचं?"

"पूर्ण. दोन्ही दारं धरून. किती डबे लागतील विचारत होत्या."

मी काउंटरवर हात ठेवला. म्हणजे माझी बाजूसुद्धा तिनं मोजली होती. कधी मोजली असेल? मी भोरला अस्तर आणायला जाते तेव्हाच. आमच्या दाराला कुलूप बघून ती टेप धरून ओट्यावरनं चालत गेली असेल, माझ्या दारापुढनं, माझ्या तुळशीपर्यंत.

"कुठला नंबर बघितला त्यांनी?"

त्यानं कार्ड उघडून पेरूच्या रंगावर बोट ठेवलं. मग रंग मिसळायच्या मशीनकडं हात करून म्हणाला, "घ्यायचा असला तर दोघींनी एकदमच घ्या. नंबर तोच असला तरी दोन वेळच्या रंगात कधी कधी फरक पडतो."

मला वाटलं, हाही तिच्या बाजूचा. नाहीतर जास्त माल खपवायची रीत असेल ही. मी कांद्याचा, पेरूचा आणि तो फिका, असे तीन नमुन्याचे छोटे डबे करून घेतले आणि पिशवीत खाली घालून वर कोथिंबीर ठेवली. एसटीत गावातल्या दोघी-तिघी असणार हे मला माहीत होतं.

तीन पट्टे मी बाहेरच्या भिंतीवर, दाराच्या फळीमागं लावले. आमची दारं बाहेर उघडतात, दार उघडं असलं की फळी भिंतीला टेकते आणि पट्टे झाकले जातात. सकाळी दार लावून घेऊन बघायचे, दुपारी पुन्हा, दिवे लागल्यावर पुन्हा. सकाळी कांद्याचा छान दिसे. दुपारी तोच आजारी माणसाच्या नखासारखा वाटे. पेरूचा तिन्ही वेळा चांगला होता. नेमका तोच मला नको होता.

दुसऱ्या दिवशी बघते तर अक्काच्या दारामागंही पट्टे. तिच्या दाराची फळी अर्धवट ओढलेली होती म्हणून दिसले. तीनच पट्टे. माझ्यासारखेच एकाखाली एक.

तिला कसं कळलं? मी माझे पट्टे जवळनं बघितले. मधल्या पट्ट्यावर, रंग पुरता वाळायच्या आधी, कुणीतरी बोट लावलेलं होतं. ठसा उमटलेला होता. माझं बोट नव्हतं ते. मिस्टरांचं असतं तर काळं उमटलं असतं.

ती रानात गेल्यावर मी रिळांचा डबा घेतला आणि तिच्या ओट्यावर गेले. गुलाबी दोऱ्याची माझ्याकडं सोळा-सतरा रिळं आहेत. एकेक दोरा तिच्या पट्ट्यावर धरून बघायला लागले. माझे पट्टे कुठल्या रिळांशी जुळतात ते आधीच बघून ठेवलं होतं. तिचा मधला आणि माझा मधला, एकाच रिळाला जुळत होते. तिसरं रीळ हातात घेतलं आणि मागनं आवाज आला.

"काय बघतीस?"

अक्का डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी होती.

"पाल होती," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातातल्या रिळाकडं बघितलं. "दोऱ्यानं मारतीस व्हय पाल?"

मी रीळ डब्यात टाकलं आणि निघाले. माझ्या दारात गेल्यावर मात्र वळून म्हणाले, "माझ्या पट्ट्यावर बोट कुणाचं आहे अक्का?"

ती भारा घेऊन तशीच गोठ्याकडं गेली.

त्या आठवड्यात तिची लेक माझ्याकडं ब्लाऊजचं माप द्यायला आली. माझी पुतणी. लहानपणी माझ्याच मशीनखाली चिंध्या गोळा करत बसायची. चूल वेगळी झाल्यावर येणं कमी झालं, तिनं केलं की तिच्या आईनं करवलं ते मला माहीत नाही. आता वरव्याजवळच्या कंपनीत कामाला असलेलं एक स्थळ तिला आलं होतं. मुलगा वेल्ह्याकडचा, अक्काच्या माहेरच्या बाजूचा. रविवारी बघायला येणार होते. हे सगळं मला त्या वेळी, टेप तिच्या खांद्यावर धरलेला असताना, पहिल्यांदा कळलं.

"काकी," ती म्हणाली, "आईनं तुला एकच रंग लावायला का सांगितलंय, म्हायती हाय?"

"नाही."

"तिकडं सांगितलंय की आपलं घर एकत्र हाय. त्यांच्यात लई माणसं, सगळी एका घरात. त्यांच्या आजीनं पहिल्यांदा तेच विचारलं, घर एकत्र का येगळं. आई म्हणाली एकत्र. आता दोन रंग दिसलं तर कळंल ना."

मी टेप उतरवला. तर हे होतं. पण लगेच दुसरा विचार आला, की हे सांगायला हिला अक्कानंच तर पाठवलं नसेल? बाई स्वतः येऊन विनवणार नाही. लेकीला पाठवेल, काकीचा जीव आहे तिच्यावर म्हणून.

"आईनं पाठवलं का तुला?"

"न्हाई," ती म्हणाली. "आईला कळलं तर मला मारंल. मी सांगायला आले की तू येगळाच लाव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"खोटं आई बोलली. नांदायचं मला हाय तिथं," ती म्हणाली. "उद्या कळल्यावर बोलणी मी खायची. आत्ताच कळू दे की. न्हाई म्हणाले तर न्हाई."

बाही किती ठेवायची ते मी विचारलं. ती जाताना म्हणाली, "लावशील ना येगळा?" मी म्हणाले, "बघू."

मी दोन दिवस विचार केला. वेगळा लावला आणि स्थळ मोडलं तर गावभर होणार, धाकट्या जावेनं पुतणीचं लग्न मोडलं. माझ्या भिंतीकडं बोट दाखवून सांगतील. एकच लावला तर भिंतीचा प्रश्न राहतो, पण तो पुढं बघता येईल. आणि पोरगी आज हे म्हणते, उद्या स्थळ गेलं तर तीसुद्धा म्हणेल, मी म्हणाले पण काकीला कळायला नको होतं? मी मिस्टरांना सांगितलं, येताना भोरहून पेरूच्या नंबरचा डबा आणा. अक्काचाच नंबर. दुसरा नको.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

गावातलाच रंगारी दोन्हीकडं लावणार होता. त्यानं सगळी भिंत खरवडली, पावसानं सुटलेले पापुद्रे काढले, पुट्टी भरली. मग अक्काच्या बाजूनं रंग द्यायला सुरुवात केली. मधोमध आल्यावर त्यानं रोलर थांबवला आणि हाक मारली, "कुठवर आणू?"

दीर बाहेर आले. मिस्टरांची त्या दिवशी सुट्टी होती, तेही आले. कितीतरी दिवसांनी दोघे भाऊ त्या ओट्यावर शेजारी उभे होते. आतल्या भिंतीचं माप बाहेर कुठं येतं यावर दोघं हळू आवाजात बोलायला लागले. विटेची जाडी कुणाच्यात धरायची, असं काहीतरी. रंगाऱ्यानं निळीत भिजवलेली दोरी काढली. वरनं खाली ताणून एक टिचकी मारली की सरळ रेघ उठते.

"रेघ नगं," अक्का दारातनं म्हणाली.

"मग कळंल कसं?" दीर म्हणाले.

"कशाला कळायचं?"

दिरांनी तिच्याकडं बघितलं. मला तेव्हा कळलं, की ती तिकडं काय सांगून बसली आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी सांगू शकले असते. पण मी म्हणाले, "राहू दे. आमचाही तोच नंबर आहे."

अक्कानं झटकन माझ्याकडं बघितलं. तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. तिच्या तोंडावर मात्र तसलं काही नव्हतं. ही एवढ्या सहज कशी तयार झाली, असा तो चेहरा होता. रंगाऱ्यानं कड मोकळी सोडली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूनं येऊन तिला मिळवली. ओला असताना सगळा एकच दिसत होता. शनिवारी संध्याकाळी मी रस्त्यापलीकडं जाऊन बघितलं. एक लांब गुलाबी भिंत, दोन दारं. चांगलं दिसत होतं.

रविवारी सकाळी ऊन ओट्यावर आलं आणि मी बाहेर आले तर भिंतीच्या मधोमध रेघ होती.

वरनं खालपर्यंत. दोरीनं मारली असती तरी इतकी स्पष्ट दिसली नसती. अक्काची बाजू पेरूची. आमची बाजूही पेरूचीच, पण तो पेरू अजून पिकायचा होता. जरा फिका आणि जरा पिवळा. मी जवळ गेले, लांब गेले. डोळे बारीक करून बघितलं. दोन कापडं एकाच ठाणातली नसली की शिवणीवर दिसतं तसं दिसत होतं.

घरात जाऊन डब्याचं झाकण बघितलं. नंबर तोच होता. मिस्टरांना उठवलं. "तुम्ही काही बदललं का?"

"मी कशाला बदलू?"

"त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात, एकच कशाला."

"म्हणून मी जाऊन दुसरा आणीन?" ते म्हणाले. मला त्यांच्या आवाजावरनं काही कळेना.

बाहेर आले तर अक्का ओट्यावर उभी होती. नवी साडी नेसलेली, हातात रांगोळीचा डबा. ती भिंतीकडं बघत होती.

"अक्का, मी तोच नंबर आणला," मी म्हणाले.

"केलंस तू शेवटी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. रांगोळी न काढताच आत गेली.

पाहुणे आले तेव्हा ऊन अजून भिंतीवरच होतं. मुलगा, त्याचे आईवडील आणि आजी. मुलगा शांत, मोबाईल खिशात घालून हात मांडीवर ठेवून बसलेला. आजीला ओट्यावर खुर्ची दिली. मी पोह्याच्या बशा देत होते, मिस्टर पाणी देत होते. एकत्र घर असल्यासारखंच सगळं चाललं होतं. आजीनं पोहे खाल्ले, हात पुसला, आणि खुर्चीतनं वाकून भिंतीला हात लावला. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.

"ह्यो हितनं बदललाय व्हय रंग?"

दीर खाकरले. अक्का म्हणाली, "ऊन पडलंय आत्याबाई, म्हणून तसं दिसतंय."

"उनानं रेघ सरळ येत न्हाई," आजी म्हणाली.

चहाचा ट्रे घेऊन पुतणी दारात आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला. "दोन घरं हैत आजी," ती म्हणाली. "काका-काकी पलीकडं राहत्यात. चूल येगळी हाय."

मुलाच्या आईनं अक्काकडं बघितलं आणि अक्कानं खाली. आजी माझ्याकडं वळली.

"मग तुमी कशापायी पोहं वाढताय?"

"माझी पुतणी आहे," मी म्हणाले. "तिला बघायला पाहुणे आलेत."

आजी उठली. काठी टेकत माझ्या दारातनं आत गेली, मला न विचारता. मी मागोमाग गेले. तिनं माझा गॅस बघितला, गॅसखालचा सिलिंडर बघितला, भांड्यांची मांडणी बघितली. मग मधल्या भिंतीवर काठीनं ठोकलं.

"भांडता का जावाजावा?"

"नाही."

"कदीच?"

"कधीच नाही."

"न भांडता येगळी झालेली घरं मला पटत न्हाईत," आजी म्हणाली. "कायतरी पोटात ऱ्हातं."

मला खोटं बोलता आलं असतं, पण तिनं चूल बघितल्यावर त्यात काय अर्थ होता. मी म्हणाले, "आहेच पोटात. पण पोरीचं त्यात काही नाही. पोरगी सरळ आहे, ते तुम्ही आत्ताच बघितलं."

आजीनं मान हलवली, पण होय म्हणून की नाही म्हणून ते समजलं नाही. कळवतो म्हणून पाहुणे गेले.

ते वळणाआड होईपर्यंत अक्का ओट्यावर उभी राहिली. मग आत गेली आणि एक डबा घेऊन आली. रंगाचा, न उघडलेला. माझ्या दारात ठेवला.

"ह्यो बघ," ती म्हणाली. "तुझ्या बाजूचा. माझ्याबरोबरच करून आणला हुता. एका घाण्याचा. ह्यो लावला असता तर रेघ आली नसती."

दुकानात तिनं पूर्ण भिंतीचं माप दिलं होतं ते यासाठी.

"मग दिला का नाही मला?"

"तू घेतला असतास?" अक्का म्हणाली. "तू म्हणाली असतीस, ही उपकार करतीय. न्हाईतर म्हणाली असतीस, ह्यात हिचा कायतरी डाव हाय. दोरा धरून बघत हुतीस माझी भिंत."

"तुम्ही माझ्या पट्ट्याला बोट लावलंत."

"लावलं. वाळलाय का बघत हुते. तू कुठला घेतीस ते कळावं म्हणून."

"एकदा बोलला असतात तर..."

"तू बोललीस?"

आम्ही दोघी त्या डब्याच्या दोन बाजूंना उभ्या होतो. मी पुन्हा सांगितलं की मी तोच नंबर आणायला सांगितला होता, मुद्दाम काही केलं नाही. तिला ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही. मी भोरला जाऊन दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, मशीन चुकत नाही, रंगाऱ्यानं पाणी जास्त घातलं असेल. रंगारी म्हणाला, पाणी दोन्हीकडं सारखंच होतं, तुमच्या बाजूच्या भिंतीत ओल आहे, ती रंग पिते. मिस्टर म्हणाले, भिंत काय माझ्या एकट्याची ओली असते का. कुणाचं खरं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुतणी त्याच संध्याकाळी मागच्या दारानं आली आणि माझा हात धरून म्हणाली, "काकी, तू माझं ऐकलंस." मी तिला सांगितलं की मी ऐकलं नव्हतं, तिच्या आईचं ऐकलं होतं. ती हसली. तिलाही ते खरं वाटलं नाही.

आठवडाभर तिकडनं काही आलं नाही. अक्का माझ्याशी बोलेना, आणि तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते. मग फोन आला. मुलगी पसंत आहे, पुढचं बोलायला या.

अक्का तो निरोप घेऊन माझ्या दारात आली. तोंडावर आनंद होता, पण तो पुरता बसला नव्हता. "एवढं कळून पण व्हय म्हणाले," ती म्हणाली. "का म्हणाले असतील? पोरात तर काय न्हाई ना?"

मला तिचं म्हणणं अगदी रास्त वाटलं. मीही तोच विचार करत होते. दिरांनी चौकशी करायचं ठरवलं, पण त्यांना कंपन्यांची वगैरे सवय नाही. माझे मिस्टर म्हणाले, वरव्याकडच्या गाड्या आमच्या गॅरेजला येतात, मी बरोबर येतो. दोघे भाऊ एका मोटरसायकलवर बसून गेले. चहाच्या टपरीवर, कंपनीच्या गेटवर, मुलगा राहतो त्या खोलीच्या मालकाकडं, सगळीकडं विचारून आले. कुठंच काही निघालं नाही. मुलगा वेळेवर येतो, वेळेवर जातो, जास्त बोलत नाही.

"जास्त बोलत न्हाई?" अक्कानं विचारलं.

"तू तरी कुठं बोलतीस," दीर म्हणाले.

लग्न उन्हाळ्यात झालं. मी नवरीचे सगळे ब्लाऊज शिवले, अक्काचेही दोन शिवले. राहिलेला तो डबा अक्कानं परत नेऊन त्यांच्या मागच्या खोलीला लावला. पुढच्या भिंतीवरची रेघ आम्ही तशीच ठेवली. पुन्हा लावायचं एकदा दोनदा निघालं, पण कुणाच्या डब्यानं लावायचा यावर ते थांबलं.

परवा दुपारी पुतणीचा फोन आला. सासरी चौदा माणसांचा स्वयंपाक, आजी सगळ्यांवर नजर ठेवते, पण तिच्यावर माया करते, असं बरंच बोलली. मग आवाज बारीक करून आणखी एक गोष्ट सांगितली. अजून नक्की नाही, डॉक्टरकडं जायचंय, तोवर आईला सांगू नको म्हणाली. मी बोलत होते तेव्हा मधल्या भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज थांबला होता.

फोन ठेवला आणि अक्का दारात आली. हातात चाळण.

"ही तुझी ऱ्हायली हुती माझ्याकडं," ती म्हणाली. "कुणाचा फोन?"

"तुमच्या लेकीचा."

"काय म्हणाली?"

"बाही घट्ट होते म्हणाली. उसवून द्यायची आहे."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. "एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

चाळण खाली ठेवून ती गेली नाही. उंबऱ्यावर बसली, पाय ओट्यावर सोडले, आणि माझं मशीन बंद व्हायची वाट बघायला लागली.